सदतीस जणांचं काचेचं कपाट

दि. ६ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. तुझी खुशाली दर रविवारी फोनवर कळते, म्हणजे फोन चिरंजीव घेतात, खिडकीत उभे राहून पाच मिनिटं हळू आवाजात बोलतात आणि मग आम्हाला येऊन सांगतात की ती बरी आहे आणि तिकडे थंडी आहे. दोन महिन्यांत आम्हाला एवढंच कळलं, की तू बरी आहेस आणि तिकडे थंडी आहे. तुमच्या हवामान केंद्राच्या बेटावर दर दहा दिवसांनी टपालाची बोट येते असं समजलं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एका घरात दोन वर्षं राहून आपण जे बोललो ते सगळं मिळून या कागदाच्या एका बाजूवर मावेल, आणि त्यातलं निम्मं बाथरूम रिकामं आहे की नाही याबद्दलचं असेल.

दुकान बंद करून मला आता वर्ष झालं. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले, आणि सुईत दोरा ओवता येईना तेव्हा शटर खाली ओढलं. तेव्हापासून सकाळी वर्तमानपत्र वाचतो आणि दुपारी तेच पुन्हा वाचतो. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं, मी घरभर फिरून प्रत्येक दाराची कडी तपासत असतो. त्यात तथ्य आहे. तशीच एक कडी तपासताना तुमच्या खोलीचं दार पुरतं उघडेना. मागे ते लांबलचक खोकं उभं होतं. वर काचेच्या कपाटाचं चित्र. चिरंजीवांना विचारलं, तर त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग म्हणाले की तिच्या त्या छोट्या माणसांच्या फिगर मांडायला आणलंय, पण उघडायला सवड झाली नाही. मी म्हटलं, माझ्याकडे सवडीशिवाय दुसरं काही नाही. ते पुढे काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी तो होकार धरला.

खोकं काल उघडलं. बैठकीच्या खोलीत दोन गोधड्या अंथरून सगळे भाग मांडले. चार मोठ्या काचा, आत बसवायच्या तीन छोट्या, खालची फळी, वरची फळी, चार धातूच्या पट्ट्या, आणि एका पुडीत एवढे स्क्रू, की मला वाटलं दुसऱ्या कुणाचे चुकून आले. सोबत एक पुस्तिका आहे. तिच्यात एक अक्षर नाही, नुसती चित्रं, आणि प्रत्येक चित्रात तोच एक टकला, गोलमटोल माणूस. त्याच्या अंगावर एकही कपडा नाही, साधी बंडीसुद्धा नाही. तरी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हसतो आहे. मला त्याच्यासाठी काहीतरी बेतावंसं वाटलं. एका चित्रात तो एकटाच काच उचलतो आहे आणि त्यावर फुली मारली आहे. दुसऱ्यात दोघं जण उचलताहेत, तिथे फुली नाही. तुझ्या सासूबाईंनी ते चित्र पाहिलं आणि दुसरा माणूस कोण हे न विचारता पदर खोचला.

तू परतशील तेव्हा कपाट उभं असेल. गरम कपड्यांवाचून बाहेर पडू नकोस. लोभ आहेच. तो आजवर कधी कागदावर उतरवला नव्हता, एवढंच.

तुझे,
बाबा


दि. १७ जानेवारी

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बोटीवरून उतरलं तेव्हा आमच्या स्वयंपाक्याने ते हातात धरून आधी ओरडून सगळ्या केंद्राला सांगितलं, की हवामानवाल्या बाईंना पत्र आलंय, बिल नव्हे. इथे आम्ही सगळे मिळून सहा जण. पत्र कुणाचंही आलं तरी जेवताना त्यातला थोडा भाग सगळ्यांच्या वाट्याला येतो. तुमच्या त्या बिनकपड्यांच्या माणसाची हकिकत मी वाचून दाखवली. आमचे साहेब सहसा हसत नाहीत, ते पण हसले.

माझं काम तसं सोपं आहे. रोज पहाटे एक मोठा पांढरा फुगा हवेत सोडायचा, त्याला खाली एक छोटं यंत्र बांधलेलं असतं, आणि तो वर वर जात फुटेपर्यंत त्याने पाठवलेले आकडे लिहून घ्यायचे. घरी फिगर जमवते आणि कामावर फुगे उडवते. आता हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, तेव्हा मीच आधी म्हणून टाकते, की सून अजून खेळतेच आहे.

कपाटाचं मात्र राहू द्या, बाबा. मनापासून सांगते. त्या काचा जड असतात, तुमची पाठ आधीच धरते. शिवाय ती काच विशिष्ट प्रकारची असते. मध्ये ठोसा मारला तरी काही होत नाही, पण एखादा कोपरा नुसता फरशीला टेकला तर अख्ख्या काचेची रवाळ साखर होते. आल्यावर आम्ही दोघं बघू. तोवर सगळे भाग पुन्हा खोक्यात घालून वर चिकटपट्टी लावून ठेवलीत तरी मला फार बरं वाटेल. दार जेवढं उघडतं तेवढं आम्हाला पुरतं.

आईंना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत ते त्यांना न विचारता कळवा, कारण विचारलं की त्या बरे आहेत म्हणतात. तुमच्या चिरंजीवांना सांगा, रविवारी मला त्यांच्याशी एका विषयावर बोलायचं आहे आणि त्यांनी चष्मा पुसत बसू नये.

तुमचा लोभ मिळाला, जपून ठेवला आहे.

तुमची,
सून


दि. २८ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मला त्रास होऊ नये म्हणून तू किती आडून आडून लिहिलंस ते मी ओळखलं. संकोच नको. पत्र येईपर्यंत कपाट उभंसुद्धा राहिलं होतं. एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्या दिवशी खालची फळी, पट्ट्या, मागची काच, दोन्ही बाजूंच्या काचा, असं सगळं बसवलं. कोपऱ्यांची काळजी घेतली. खाली गोधडी होतीच, वर तुझ्या सासूबाईंनी प्रत्येक कोपऱ्याला माझा एकेक पायमोजा चढवला. संध्याकाळी दार बसवायला घेतलं तर बिजागऱ्यांची भोकं कुठे दिसेनात. बघतो तर ती मागे, भिंतीच्या बाजूला. बाजूची काच उलटी लागली होती. म्हणजे तुझं कपाट उघडायचं तर भिंतीतून शेजाऱ्यांकडे जावं लागलं असतं. मग काय, सगळं उसवलं. कोटाला अस्तर उलटं लागल्यावर जे करतो तेच. चिरंजीव मदतीला आले होते. त्यांना स्क्रूंची वाटी धरायला दिली. ती सांडली. त्यांना पुन्हा काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दार लागलं. एका बोटाने ढकललं की आपोआप मिटतं, आवाज नाही. मी ते किती वेळा उघडमीट केलं हे तुझ्या सासूबाई सांगतील, तेव्हा त्यातून थोडं वजा करून ऐक.

कपाट बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी आहे. तुमच्या खोलीत त्याला जागाच नाही. रिकामं कपाट बरं दिसेना, म्हणून चिरंजीवांना विचारून पलंगाखालचे तुझे बुटांचे डबे काढले. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण मान त्यांनी हलवली. हात धुऊन, पुसून, एकेक फिगर कागदातून सोडवली. सदतीस झाल्या. त्या उडत्या जहाजाच्या कार्टूनमधल्या आहेत हे मला चिरंजीवांनी सांगितलं. कोण कप्तान, कोण चोर, ते मला ठाऊक नाही. मी त्यांचे कपडे बघितले.

सूनबाई, ज्या कुणी हे घडवलंय त्याला कापड कळतं. त्या तलवारवाल्या मुलीचा झगा उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, बेतलेला आहे. आडवा-उभा बेतला असता तर तो वाऱ्यावर असा पडलाच नसता. म्हातारीच्या शालीला कोपरापाशी जिथे चुणी पडायला हवी तिथेच पडली आहे. आणि तो जाडा स्वयंपाकी आहे ना, त्याच्या पाठीला एप्रनची गाठ बघितलीस का? दोन पदर, एक आखूड, एक लांब, घाईत एका हाताने मारलेली गाठ. करंगळीएवढ्या माणसाच्या पाठीवर, जिथे कुणी बघणारही नाही. मी चष्म्यावर भिंग धरून बघितली. असं काम मी शिकाऊ असताना माझ्या उस्तादांच्या हातचं बघितलं होतं, त्यानंतर आताच.

म्हणून एक गोष्ट लिहितो. तुमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. तू यातल्या काही फिगर बैठकीतल्या फळीवर मांडल्या होत्यास. मोठे काका आले, त्यांनी विचारलं ही खेळणी कुणाची, आणि मी म्हणालो की आमची सून अजून लहान आहे, खेळते. सगळे हसले. तू पण हसलीस. दुसऱ्या दिवशी फळी रिकामी होती आणि तिथे फुलदाणी आली. मी ती फुलदाणी दोन वर्षं बघतो आहे. मी चुकीचं बोललो. न बघताच बोललो, हे त्याहून वाईट.

तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना विचारलं नाही, जिना उतरताना बघितलं. लोभ पूर्वी होता त्यापेक्षा जरा नीट बेतलेला आहे, स्वीकारावा.

तुझे,
बाबा


दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आता बोट धक्क्याला लागली आहे, तेव्हा हे जसं होईल तसं पाठवणार आहे.

आधी चांगलं. ती गाठ मी कधीही पाहिली नव्हती. तो स्वयंपाकी माझ्याकडे चौदा वर्षं आहे. शाळेत पहिली आले तेव्हा माझ्या मावशीने दिला होता, माझी पहिली फिगर तीच. चौदा वर्षांत माझ्या फिगरकडे लोकांनी दोनच तऱ्हांनी पाहिलं, काहींनी हसून आणि काहींनी किंमत विचारून. कपडे कुणी बघितले नाहीत. तुमचं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं नाही. ते माझ्यापाशी ठेवलं.

आता दुसरं. बाबा, ते खोकं सवड नाही म्हणून बंद नव्हतं. ते आमच्या घरासाठी घेतलं होतं. आमच्या, म्हणजे वेगळ्या घरासाठी. घर ठरलेलं नव्हतं, भाड्याचं बघायचं की कसं हेही माहीत नव्हतं, तेव्हा घरासाठी घेतलेली ती पहिली वस्तू. मी रोज कामावर निघताना त्या खोक्यावर हात टेकवून निघायचे. ते जिथे उघडेल ते आमचं घर, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तुमच्या चिरंजीवांनी तुम्हाला हे सांगायला हवं होतं. त्यांना धीर झाला नाही, आणि मी बेटावर असल्याने मला धीर करावाच लागला नाही.

तुमचं पहिलं पत्र वाचून मला राग आला होता, हे लपवत नाही. दुसरं वाचून रडू आलं. पण कपाट उभं राहिलं म्हणून बेत बदलला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझी पहाटेची पाळी असते. स्वयंपाकघरात दिवा लावला की आई उठून बसतात, म्हणून मी अंधारात चाचपडत चहा करते. तुमचे चिरंजीव माझ्याशी भांडायचं झालं तरी आधी रेडिओ मोठा करतात. यात कुणाचाच दोष नाही. खोल्या दोन आणि माणसं चार आहेत. ती फुलदाणी हे कारण होतं का, असं तुम्ही मनात विचाराल. थोडं होतं. आता नाही.

दोन घरं बघून ठेवली आहेत. एक तुमच्यापासून दहा मिनिटांवर, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला. खरं सांगते, माझं मन लांबच्या घराकडे झुकत होतं.

तुम्ही रागावलात तर मला तसं लिहा. गप्प मात्र बसू नका, कारण आपण दोघंही त्यात फार तरबेज आहोत. लोभ कमी करू नये असं म्हणायचा हक्क मला आज आहे की नाही ठाऊक नाही, तरी म्हणते.

तुमची,
सून


दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. आ.

यांच्याऐवजी माझं पत्र बघून घाबरू नकोस. यांची तब्येत चांगली आहे. मी लिहिते आहे कारण यांना लिहायला वेळ नाही. का, ते पुढे सांगते.

तुझं पत्र आलं. यांनी ते उभ्यानेच वाचलं, आठ घड्या घालून शर्टच्या खिशात ठेवलं आणि चहा न घेता बाहेर गेले. तासाभराने आले ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. मग उठून काचा पुसल्या. काचा स्वच्छ होत्या. दोन दिवस घरात नुसतं कुकरच्या शिट्टीने काय ते बोलावं. चिरंजीव तर भिंतीला लागून चालत होते. मला त्याची दया आली नाही. लग्न झालेल्या पुरुषाला घर हवं असेल तर त्याने तोंड उघडावं.

मला म्हणशील तर मला केव्हाच माहीत होतं. तुझ्या नवऱ्याचे शर्ट मी धुवायला टाकते, आणि घरांच्या जाहिराती कापून तो खिशातच विसरतो. मी त्या वाळवून, इस्त्री करून परत खिशात ठेवायची. त्याला वाटायचं खिसा नशीबवान आहे.

तिसऱ्या दिवशी मोठे भावजी, म्हणजे तुमचे मोठे काका, आले. दारातच थबकले आणि कपाटाकडे बघून म्हणाले की हे काय, दुकान मांडलंत की काय. मी हातातलं काम टाकून बाहेर आले, कारण यांचा चेहरा मला बघायचा होता. हे शांतपणे म्हणाले की ही आमच्या सूनबाईची मंडळी, सध्या इथे मुक्कामाला आहेत, थोड्या दिवसांत तिच्या घरी जायची आहेत. तिच्या घरी, असं म्हणाले बरं का. दोन दिवसांचं मौन होतं ते हे वाक्य जुळवायला होतं, हे मला तेव्हा कळलं.

नंतर यांनी भावजींना बसू दिलं नाही. हातात भिंग दिलं आणि खाली वाकून त्या स्वयंपाक्याच्या पाठीची गाठ बघायला लावली. भावजींचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. एकदा खाली गेलेले ते उठेनात, म्हणून मग सदतीसच्या सदतीस बसूनच बघितल्या. यांनी प्रत्येकीचा कोट, बाही, घेर समजावून सांगितला. शेवटी भावजींनी विचारलं की यांच्यात कुणी टोपीवाला नाही का. तेही कपडे बघू लागले, तेव्हा चहा मिळाला.

आता माझं. मी या घरात आले तेव्हा माझी एक पेटी होती. माझ्या सासूबाई होत्या तोवर, म्हणजे अकरा वर्षं, ती पलंगाखाली राहिली. तिच्यात विशेष काही नव्हतं, मैत्रिणींची पत्रं, एक बक्षीस मिळालेली वही, असलंच. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. मांडायला जागा मागायची असते, हेच मला सुचलं नाही. तुला सुचलं याचा मला आनंद आहे. तेव्हा आमची कीव येऊन बेत बदलू नकोस. बदललास तर मी पहाटे मुद्दाम उठून बसेन.

हे काय करताहेत विचारशील, तर वर्षभर झाकलेलं शिवणयंत्र त्यांनी उघडलंय. तेल घातलं, पट्टा बदलला. सुईत दोरा मी ओवून देते. काय शिवताय विचारलं तर सांगत नाहीत. घरभर अस्तराच्या चिंध्या आहेत आणि मला फार बरं वाटतंय.

तब्येतीला जप. माझे गुडघे बरे आहेत. लोभाचं म्हणशील तर तो माझ्याकडे स्वयंपाकासारखा असतो, सांगून करत नाही.

तुझी,
आई


दि. १४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. दोन दिवस वाईट वाटलं, ते वाटायलाच हवं होतं, तिसऱ्या दिवशी उतरलं. गप्प बसू नका असं तू बजावलंस म्हणून लिहितो, की वाईट कशाचं वाटलं. घर वेगळं करताय याचं नाही. तू ज्या खोक्यावर हात ठेवून निघायचीस ते मी कात्रीने टराटरा फाडलं, त्याचं. ते आता शिवता येत नाही. पण त्याच्या आतलं जे होतं ते मी पुन्हा सुटं केलंय.

चिरंजीवांनी परवाच्या रविवारी फोननंतर येऊन सांगितलं की तुम्ही जवळचं घर ठरवलंत. मी विचारलं नव्हतं, आणि लांबचं ठरवलं असतंत तरी मी बसने आलो असतो, हे इथे लिहून ठेवतो. त्यांनी हे सांगताना चष्मा पुसला नाही, हेही लिहून ठेवतो.

कपाटाचं सांगतो. सगळे भाग काढले. काचांना घालायला आता खोकं नाही, म्हणून प्रत्येक काचेला मापाची गवसणी शिवली. बाहेरून सुटाचं उरलेलं कापड, आतून अस्तर, मध्ये कापूस, वर आडव्या-उभ्या टिपा. कोपऱ्यांना कापूस दुप्पट. प्रत्येक गवसणीला झाकण आणि त्याला तीन बटणं. काज हाताने केले. आधीचे दोन वाकडे आले, पुढचे सरळ आले. डोळे गेले असं मी समजत होतो, पण ते नुसते बसून राहिल्याने आळसावले होते असं दिसतं. प्रत्येकीवर धाग्याने लिहिलंय, डावी बाजू, उजवी बाजू, पाठ, दार. डाव्या बाजूवर बाणही काढलाय, म्हणजे ती भिंतीकडे लागणार नाही. तुझ्या सदतीस जणांना छोट्या थैल्या केल्या. तलवारवालीची थैली लांब आहे, तलवारीला वाकावं लागू नये म्हणून.

काल चिरंजीवांबरोबर घर बघून आलो. तिसरा मजला, जिना रुंद आहे, दारं मी मोजली. त्यांनी कपाटासाठी जी भिंत ठरवली होती तिच्यावर दुपारी ऊन येतं. मी नको म्हटलं. दुकानाच्या काचेत टांगलेला कोट एका उन्हाळ्यात एका खांद्याने फिका होतो, तुझ्या माणसांचे रंग काय टिकणार. समोरची भिंत सुचवली आहे. शेवटी घर तुझं आहे, तू ठरव.

एकच मागणं. कपाट तिथे उभं करताना त्या पुस्तिकेतल्यासारखी दोन माणसं लागतात. त्यातला एक मी. दुसरी तू हवीस. चिरंजीव नकोत.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आम्ही धक्क्यावर असू. लोभ शिवून तयार आहे, अंगावर घालून बघायला ये.

तुझे,
बाबा


दि. २ मे

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

दहा मिनिटांवर राहून टपालाने पत्र पाठवते म्हणून तुमचे चिरंजीव हसताहेत. हसू द्या. आपल्याला समोरासमोर बोलायला अजून जमत नाही, कागदावर जमतं, तर कागद का सोडायचा. गेल्या आठवड्यात कपाट लावताना आपण शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून काम केलं आणि बोललो काय, तर धरलंस का, धरलं, सोड, सोडलं. पण मला त्या दिवशी जेवढं बोलल्यासारखं वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही पुस्तिका उघडलीसुद्धा नाहीत. एक तास वीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. शेवटची वरची फळी बसवताना तुम्ही हात मागे घेतलात आणि तो स्क्रू मला पिळायला दिलात, ते मी पाहिलं. तुम्हाला वाटलं असेल की पाहिलं नाही. माणसं मांडायला तुम्ही थांबला नाहीत, ही माझी मंडळी मीच बसवावी असं म्हणून निघालात. मला दोन दिवस लागले. मध्ये मध्ये थैल्यांच्या टिपाच बघत बसत होते.

आज पहाटे दिवा लावून चहा केला. कपाटाच्या काचेत तो दिवा दिसत होता. पाळीवर जाताना कपाटाचं दार एकदा उघडून मिटलं. आवाज नाही.

आता कामाचं. सामान वर चढवत होतो त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या होत्या. गवसण्या बघून त्यांना वाटलं आपण वाद्यं वाजवणारे लोक आहोत. त्या काल विचारपूस करायला आल्या, कपाट पाहिलं, आणि खाली बसूनच राहिल्या. त्यांच्याकडे पुस्तकांचं कपाट सहा महिने खोक्यात पडून आहे. त्यांच्या यजमानांनी एकदा उघडून पाहिलं, तो हसरा माणूस पाहिला आणि परत बंद केलं. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांना विचारते. तुम्हाला न विचारता मीच कबूल केलं असं होऊ नये, म्हणून हे पत्र. गुरुवारी जमेल का? दुसरा माणूस म्हणून मी येईन, सुट्टी आहे. जेवायला आईंनाही घेऊन या. लोभ वाढला तर ठेवायला आता जागा आहे.

तुमची,
सून


दि. ४ मे

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ते वाचून तुझ्या सासूबाई म्हणाल्या की उत्तर घेऊन चालत जा, दहा मिनिटांचं तर अंतर. मी तिकीट लावलं.

डॉक्टरीणबाईंना माझा होकार कळव. खोकं त्यांनी स्वतः उघडू नये आणि यजमानांना जवळ फिरकू देऊ नये. पुस्तकांच्या कपाटाला काचा नसतील, तरी फळ्यांच्या कडांचे टवके उडतात, तेव्हा दोन गोधड्या लागतील. त्या त्यांच्याकडे नसतील तर मी आणतो. शुक्रवारी सकाळी दहाला येतो, त्यांना आणि तुला चालत असेल तर.

तुमच्या तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आहेत ना, त्यांनी मला त्या दिवशी घरी जाताना फाटकातच गाठलं. त्यांच्या नातीचा पाळणा आला आहे, तेवीस भाग आहेत, आणि मुलगी गुरुवारीच बाळाला घेऊन यायची आहे. मी त्यांना शब्द दिलाय. तेव्हा गुरुवारचं माझं जमणार नाही. गुरुवारी मला काम आहे.

तुझे,
बाबा

ता. क. घाईत लोभाचं लिहायचं राहिलं. तो आहे.